"जुनी पिढी गेली की आपोआप होईल" : समलिंगी विवाह आणि बदलणारी मतं

सुरंगी

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "ही पिढी जाऊ दे, मग आपोआप होईल." बोलणारे बहुतेक विशी-तिशीतले असतात. मला ते वाक्य अजिबात पटत नाही. एक तर ज्यांचं वय आज पस्तीस-चाळीस आहे त्यांना "अजून वीस वर्षं थांबा" असं सांगण्यासारखं ते आहे. दुसरं म्हणजे, जिथे मतं खरोखर बदलली तिथे ती अशी बदललेली नाहीत.

आयर्लंडचं उदाहरण घेते. तिथे समलिंगी संबंध हा १९९३ पर्यंत गुन्हा होता. कायदा इंग्रजांचाच, आपल्याकडे हेच संबंध गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाच्या काळातला. डेव्हिड नॉरिस या प्राध्यापकाने स्वतःच्या देशाविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात खटला लढवला आणि १९८८ मध्ये जिंकला. तरी कायदा बदलायला आणखी पाच वर्षं गेली. आणि हा देश किती कर्मठ? १९८६ मध्ये घटस्फोटाला परवानगी द्यायची का यावर सार्वमत झालं, तेव्हा ६३ टक्क्यांहून जास्त लोकांनी "नको" म्हटलं. १९९५ मध्ये पुन्हा मत घेतलं तेव्हा घटस्फोटाची बाजू जेमतेम नऊ हजार मतांनी जिंकली. त्याच देशाने २२ मे २०१५ रोजी समलिंगी विवाहाला ६२ टक्के मतांनी होकार दिला. सार्वमत घेऊन हे करणारा जगातला पहिला देश.

आता नुसता हिशेब करा. १९८६ मध्ये घटस्फोटाविरुद्ध मत देणारा तिशीतला माणूस २०१५ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर होता. ही माणसं कुठे गेली नव्हती. मतदानाच्या रांगेत तीच उभी होती. एकट्या तरुणांच्या जोरावर ६२ टक्के होत नाहीत. शहर विरुद्ध खेडं म्हणावं तर ४३ मतदारसंघांपैकी फक्त एकाने, रॉसकॉमन-साउथ लीट्रिमने, नकार दिला, तोही थोडक्या फरकाने.

मग झालं काय? आधी २०१२ च्या अखेरीस संविधान परिषद बसवली. शंभर जण: ६६ साधे नागरिक, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष. शनिवार-रविवार एका हॉटेलात गोल टेबलांभोवती बसून त्यांनी दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना ऐकलं, समलिंगी जोडप्यांच्या मुलांना ऐकलं, आपसात चर्चा केली. शेवटी ७९ टक्क्यांनी शिफारस केली. त्यानंतर माणसं स्वतःच्या नावाने बोलू लागली. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअ‍ॅलीस, पक्क्या कॅथलिक, मुलगा समलिंगी. त्यांनी उघड प्रचार केला. अर्सुला हॅलिगन या टीव्हीवरच्या राजकीय संपादिकेने पन्नाशी उलटल्यावर, मतदानाच्या आठवडाभर आधी, वर्तमानपत्रात लिहिलं की मी समलिंगी आहे. आणि जानेवारी २०१५ मध्ये, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी रेडिओवर तेच सांगितलं.

वराडकर म्हणजे आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. वडील डॉ. अशोक वराडकर मूळचे तिथले. २०१७ च्या जूनमध्ये लिओ पंतप्रधान झाले तेव्हा मी आजोळी होते, वराडपासून फार लांब नाही. ओटीवर माझ्या मामाचे दोस्त बसलेले, सगळे पंचाहत्तरीच्या आसपास. बातमी वाचून झाली, "आपलो वराडचो" म्हणून कौतुक झालं. तो समलिंगी आहे हेही कोणीतरी मोठ्याने वाचलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाले, "तेका होया तसो ऱ्हवांदे. काम बरा करता मा?" आणि गप्पा पावसाकडे वळल्या. ही माणसं कुठल्या मोर्चात गेलेली नाहीत, पुस्तकं वाचलेली नाहीत. फक्त तो "कोणीतरी" नव्हता, "आपलो" होता.

तर प्रश्न असा: तुमच्या घरात, ओळखीत कोणा वडीलधाऱ्याचं मत बदललेलं पाहिलंय का? कशाने बदललं?

लिफीकाठी

सुरंगीताई, मी २०१५ मध्ये डब्लिनमध्येच होतो, शिकायला. मत देता येत नव्हतं, पण सगळं डोळ्यांनी पाहिलं. विजेच्या प्रत्येक खांबावर दोन्ही बाजूंची पोस्टरं. विरोधकांचं म्हणणं मुख्यतः मुलांभोवती फिरायचं: मुलाला आई आणि वडील दोन्ही हवेत.

माझे घरमालक तेव्हा सत्तरी पार केलेले, दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला जाणारे. प्रचारक दारावर यायचे, संध्याकाळी जेवणाच्या सुमाराला. एकदा एक बाई आल्या, पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी ना पत्रक पुढे केलं, ना हक्कांची भाषा केली. एवढंच म्हणाल्या, की माझ्या मुलीसाठी मत मागायला आलेय, ती याच गल्लीतल्या शाळेत शिकली. मालकांनी त्यांना आत बोलावून चहा दिला. त्या गेल्यावर मला म्हणाले, माझा पुतण्या तीस वर्षांपूर्वी बॉस्टनला गेला तो परत आलाच नाही, का आला नाही ते घरात कोणी कधी विचारलं नाही. मत कोणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

परदेशात राहणाऱ्या आयरिश लोकांना तिथून मत देता येत नाही, म्हणून बोटी आणि विमानं भरभरून लोक मतदानाला घरी आले होते. दुसऱ्या दिवशी डब्लिन कॅसलच्या आवारात निकाल ऐकायला तुडुंब गर्दी होती. त्या गर्दीत पांढरे केस खूप होते, हे मुद्दाम सांगतो.

अण्णा_सांगलीकर

लेख माहितीपूर्ण आहे. पण माझं मत वेगळं आहे आणि ते इथे मांडतो. वय ६८.

कोणी कोणाबरोबर राहावं यात सरकारने नाक खुपसू नये, ३७७ गेलं ते योग्यच झालं. पण लग्न ही दोन माणसांची खाजगी बाब आपल्याकडे कधीच नव्हती. ती दोन घरांची सोयरीक असते. मामा अंतरपाटापाशी उभा राहतो, आत्या करवली होते, पुढे बारसं, मुंज, हक्क, वारसा, सगळं त्यावर उभं आहे. ही घडी शेकडो वर्षांत बसलेली आहे. ती बदलायची तर घाई नको. आयर्लंड पन्नास-साठ लाखांचा देश. आपल्या एका पुणे जिल्ह्यात त्याहून जास्त लोक राहतात. तिथला निकाल इथे कसा लावणार? आणि सर्वेक्षणांवर माझा फारसा विश्वास नाही. अनोळखी माणसाने विचारलं तर लोक बरं दिसेल ते सांगतात.

मीनाकाकू

अण्णा, मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठी आहे, म्हणून मोकळेपणाने बोलते.

माझ्या मावसबहिणीचं लग्न १९८३ साली झालं. मुलगा बँकेत, घर चांगलं, पत्रिका जुळलेली. दोन घरांची सोयरीक म्हणता तशीच, मामा अंतरपाटापाशी होता आणि करवलीही होती. तीन-चार वर्षं ती माहेरी आली की नुसती गप्प बसून राहायची. मूल का नाही म्हणून तिलाच दवाखान्यात नेलं, तिलाच सोमवार धरायला लावले. तिच्यात काय कमी आहे याची चर्चा माझ्या आईसकट सगळ्यांनी केली. त्याला बायकांमध्ये रस नव्हता, कधीच नव्हता, आणि हे त्याच्या आईला लग्नाआधीपासून माहीत होतं. "लग्न झालं की सुधारेल" म्हणून तिने लावून दिलं. शेवटी घटस्फोट झाला, तोही कारण न सांगता. माझी बहीण पुन्हा उभी राहिली नाही. त्या मुलाबद्दलही मला आता वाईट वाटतं. तोही अडकलेलाच होता.

माझं मत कोणत्याही चर्चेने झालेलं नाही. ते तिच्या तोंडाकडे बघून झालेलं आहे. त्या मुलाला त्याच्या पसंतीच्या माणसाबरोबर संसार करायची वाट असती तर माझ्या बहिणीचा संसार मोडला नसता. माझ्या वयाच्या कितीतरी बायकांना अशी एक तरी गोष्ट माहीत असते. फक्त त्या बोलत नाहीत, आणि कोणी विचारतही नाही. जुनी पिढी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर आजोबाच येतात.

सुरंगी

काकू, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

अण्णा, तुमचा सर्वेक्षणाचा मुद्दा घेते. प्यू या अमेरिकन संस्थेने भारतात विचारलं होतं की समलैंगिकता समाजाने स्वीकारावी का. २०१४ मध्ये १५ टक्के "हो" म्हणाले, २०१९ मध्ये ३७ टक्के. २०२३ मध्ये थेट विवाहाला कायदेशीर मान्यता द्यावी का असं विचारलं, तेव्हा ५३ टक्के बाजूने आणि ४३ टक्के विरोधात. दोन प्रश्न वेगळे आहेत, म्हणून मी ते एका रेषेत जोडत नाही. पण लोक "बरं दिसेल" ते सांगतात हे तुमचं म्हणणं खरं धरलं, तरी काय सांगणं बरं दिसतं हेच पाच वर्षांत बदललं, हाही बदलच झाला की. आणि पाच वर्षांत भारतातली पिढी बदलत नाही. याचा अर्थ त्याच माणसांनी उत्तर बदललं.

न्यूजर्सीकर

अमेरिकेत यावर भरपूर अभ्यास झालाय. १९८८ मध्ये विचारलं तेव्हा समलिंगी विवाहाच्या बाजूने जेमतेम दहा-बारा टक्के लोक होते. गॅलप या मतपाहणी संस्थेने १९९६ मध्ये विचारलं तेव्हा २७ टक्के, २०११ मध्ये पहिल्यांदा निम्म्याच्या वर, २०२३ मध्ये ७१ टक्के. समाजशास्त्रज्ञांनी हा बदल फोडून पाहिला: किती भाग जुने लोक गेल्यामुळे आणि किती भाग जिवंत माणसांनी मत बदलल्यामुळे. मोठा भाग दुसऱ्या कारणाचा निघाला. गर्भपात, बंदुका असल्या विषयांवर इथली मतं वर्षानुवर्षं फारशी हलत नाहीत. हा विषय त्याला अपवाद. कारण बहुधा सुरंगी म्हणतात तेच. कोणाच्या घरात मुलगा किंवा मुलगी समलिंगी निघेल हे पक्ष बघून ठरत नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. रिपब्लिकन मतदारांमध्ये पाठिंबा २०२१-२२ मध्ये ५५ टक्क्यांपर्यंत गेला होता, २०२५ मध्ये तो ४१ वर आला. चारच वर्षांत! म्हणजे माणसं बदलतात, तशी उलटीही फिरतात. "आपोआप होईल" म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा.

काळा_कोट

वकिली करते, म्हणून कायद्याची बाजू.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाच्या याचिकांवर निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, आणि विशेष विवाह कायद्यात न्यायालय बदल करू शकत नाही, यावर पाचही जण एकमत होते. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर दर्जा आणि दत्तकाचा हक्क यावर तीन विरुद्ध दोन; सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल अल्पमतात राहिले. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. त्यामुळे चेंडू संसदेत आहे. लोकमताला एवढं महत्त्व आहे ते याचमुळे. सुनावणी चालू असताना केंद्राने राज्यांचं मत मागवलं, तेव्हा उत्तर देणाऱ्या सात राज्यांपैकी तिघांनी स्पष्ट विरोध केला. महाराष्ट्र आणखी वेळ मागणाऱ्यांत होता.

अण्णा, याचिका मुख्यतः विशेष विवाह कायद्याखाली होत्या. तो १९५४ चा, नोंदणी पद्धतीचा कायदा. त्यात अंतरपाट, सप्तपदी काही नाही, त्यामुळे तुमच्या विधींना कोणी हात लावत नव्हतं. आंतरधर्मीय लग्नांसाठी तो आला तेव्हाही घडी विस्कटेल असंच म्हटलं जात होतं.

मत बदलण्याबद्दल एक आठवण. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांच्यापुढे २०२१ मध्ये दोन तरुणींचं प्रकरण आलं. घरच्यांच्या भीतीने त्या मदुराईहून चेन्नईला पळून आल्या होत्या. न्यायाधीशांनी मान्य केलं की हा विषय आपल्याला पुरेसा कळलेला नाही. ते स्वतः मानसतज्ज्ञाकडे समजून घ्यायला बसले, आणि आपले पूर्वग्रह कसे होते ते निकालपत्रात नोंदवलं. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून हे लिहायला फार मोठं मन लागतं.

दुपारचा_पाऊस

मी वाचनमात्र असतो, पण आज लिहितो. वय २६, मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, आता नोकरीसाठी पुण्यात.

"नवी पिढी मोकळ्या मनाची" हे वाचलं की मला हॉस्टेल आठवतं. माझं जगणं नकोसं केलं ते माझ्याच वयाच्या मुलांनी. मोबाईल हिसकावून गॅलरी चाळली, टोपणनावं ठेवली, ग्रुपवर व्हिडिओ टाकले. त्यातले बरेच आज जून महिन्यात इंद्रधनुष्याचे फोटो लावणाऱ्या कंपन्यांत आहेत. आणि मला आधार कोणी दिला? आत्याने. सातवी शिकलेली, वारी करणारी. तिला मी सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, "जेवतोस ना नीट?" दुसरं विचारलं, "कोण आहे का सोबत?" आणि तिसरं, "तुझ्या बापाला मी सांगू की तू सांगतोस?" अजून सांगितलेलं नाही. घरी स्थळं बघणं चालू आहे. आत्या दर वेळी पत्रिकेत काहीतरी खोट काढते.

अण्णा_सांगलीकर

बाळा, तुझ्या आत्याला माझा नमस्कार सांग.

काळा_कोट ताई, विशेष विवाह कायद्याचा मुद्दा मान्य. मीनाताई, तुमच्या बहिणीची गोष्ट वाचून वाईट वाटलं. फसवून लग्न लावणं हा अन्यायच आहे, त्याबद्दल दुमत नाही. लग्नाच्या प्रश्नावर मात्र माझी शंका अजून शिल्लक आहे. दत्तक मुलाचं काय, शाळेत त्याला काय ऐकावं लागेल, याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

जुनी_पानं

पिढी या शब्दाने आपली फसगत होते असं मला वाटतं. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. वाचक समलिंगी संबंधांबद्दल, हस्तमैथुनाबद्दल प्रश्न विचारायचे आणि कर्वे न लाजता, न घाबरवता उत्तरं द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांचे प्रश्नच लैंगिक असतील तर उत्तरं वेगळी कशी असतील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. अपील हरले, पण उभे राहिले. ही माणसं माझ्या पणजोबांच्या पिढीतली. मराठीत हा विषय नव्वद वर्षांपूर्वी छापून येत होता आणि लोक पैसे भरून अंक घेत होते. मधल्या काळात आपणच त्यावर झाकण ठेवलं.

शेवंता_आई

माझी मुलगी समलिंगी आहे. अण्णा, तुम्ही विचारलंत म्हणून उत्तर देते. शाळेत मुलाला काय ऐकावं लागेल? तेच, जे घटस्फोटित आईच्या मुलाला माझ्या लहानपणी ऐकावं लागायचं. आमच्या वर्गात अशी एक मुलगी होती, तिच्याशी डबा वाटून खायला आम्हाला घरून मनाई होती. आज माझ्या भाचीच्या मुलाच्या वर्गात अशी बरीच मुलं आहेत आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मोठ्यांनी बोलणं थांबवलं, मग मुलांनीही थांबवलं.

एप्रिल २०२३ मध्ये, सुनावणी सुरू असताना, 'स्वीकार' या पालकांच्या गटाने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. चारशेहून जास्त आईवडिलांच्या सह्या. त्यात म्हटलं होतं की आम्ही म्हातारे होत चाललोय, काही जण लवकरच ऐंशीचे होतील, मुलांच्या लग्नाला कायद्याचा शिक्का मिळालेला आम्हाला हयातीत बघायचाय. म्हणून हा धागा मला जवळचा वाटला. जुनी पिढी जाण्याची वाट बघा म्हणता, पण कायदा व्हावा म्हणून जीव टांगणीला लागलेले लोकही त्याच पिढीतले आहेत.

गेल्या वर्षी मुलीच्या जोडीदारिणीचं ऑपरेशन होतं. रुग्णालयाच्या संमतीच्या फॉर्मवर "रुग्णाशी नातं" असा रकाना होता. सहा वर्षं एकत्र राहतात दोघी. मुलीने "मैत्रीण" लिहिलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, रक्ताचं नातं असलेलं कोणी नाही का? तिचे आईवडील बोलत नाहीत. शेवटी मी मोठी मावशी म्हणून सही केली. खोटं लिहिलं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन.

सुरंगी

शेवंताताई, अण्णांना उत्तर म्हणून तैवानची भर घालते. तिथे उलट्या क्रमाने झालं. नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात लोकांनी मोठ्या फरकाने विरोध केला. पण अशा विवाहाला मान्यता द्या असा तिथल्या घटनापीठाचा आदेश आधीच होता, म्हणून मे २०१९ मध्ये कायदा आला. सरकारी पाहणीत त्याआधी पाठिंबा ३७ टक्के होता, काही वर्षांत तो साठच्या वर गेला. शेजारच्या घरात दोन बायका संसार करताहेत, भाजी आणताहेत, भांडताहेत, हे दिसलं आणि धास्ती संपली. कधी मन आधी बदलतं, कधी कायदा. आपल्याकडे दोन्ही एकमेकांची वाट बघत बसलेत.

दुपारचा_पाऊस

काळा_कोट ताई, शेवंताकाकूंनी लिहिलेलं वाचून विचारतो. कायदा होईल तेव्हा होईल, आत्ता हाताशी काय करून ठेवता येतं?

काळा_कोट

बरंच काही. मृत्युपत्र सगळ्यात आधी, दोघांचंही वेगवेगळं. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण करा, नातेवाईक आव्हान देतात तेव्हा उपयोगी पडते. बँकेत संयुक्त खातं आणि जोडीदाराचं नामनिर्देशन याला काही आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. शाखेत अडवलं तर त्या परिपत्रकाची प्रत दाखवा. शिधापत्रिकेवर एकाच घरातले म्हणून नाव लावण्याबद्दलही त्याच सुमाराला सूचना निघाल्या आहेत. एक लक्षात ठेव: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे स्वीकारतो, पण हक्क वारसाचा. म्हणून मृत्युपत्र नसेल तर नॉमिनी लावूनही पैसे आईवडील किंवा भावंडं मागू शकतात. दवाखान्यासाठी एकमेकांच्या नावे अधिकारपत्र करून ठेवा आणि त्याची एक प्रत फोनमध्ये ठेवा. सगळीच रुग्णालयं ते मानतात असं नाही, पण काउंटरवर बोलायला हातात कागद असतो. घर घेताना दोघांची नावं करारावरच घाला, नंतर सोसायटीत चढवायला गेलं की त्रास होतो.

पुण्यात आहेस तर व्यक्तिगत निरोप पाठव, मसुदा करून देते. फी नको.